ओढ कशी लागते? (लेखांक ४) : दुसरीनं निवडलेला

डासांच्या अळ्या फस्त करण्यासाठी आपल्याकडे आरोग्य विभागाची माणसं हौदांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. हा मासा मूळचा त्रिनिदाद आणि त्याच्या समोरच्या दक्षिण अमेरिकी किनाऱ्यावरचा. आकर्षणाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तो अळ्यांमुळे नव्हे, तर त्याच्या माद्यांमुळे ठाऊक आहे.

1992 साली ली डुगाटकिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं टाकीच्या दोन टोकांना एकेक नर ठेवला. मधल्या मादीला दिसेल अशी दुसरी मादी त्यांतल्या एकाजवळ काही वेळ ठेवली, नंतर काढून घेतली. मग मधलीला मोकळं सोडलं. 20 पैकी 17 वेळा ती त्याच नराकडे गेली.

नक्कल म्हणावी, तर ती आंधळी नाही. तरुण माद्या थोरल्यांचं बघून निवडतात, थोरल्या मात्र धाकट्यांचं ऐकत नाहीत. शिवाय या माद्यांना नारिंगी अंगाचे नर आवडतात. दोन नरांच्या नारिंगीत थोडाच फरक असला, तर दुसरीची पसंती भारी पडते आणि कमी नारिंगी नरही निवडला जातो. फरक ठळक असला की मादी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवते. हे डुगाटकिननंच 1996 मध्ये दाखवलं, आणि मला या संशोधनातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. चाचपणीला वेळ लागतो, जोखीम असते. दुसरीनं ती आधीच केलेली असेल तर तिचा निष्कर्ष फुकटात मिळतो.

लग्न जुळवताना आपण वेगळं काय करतो? ‘चार ठिकाणांहून सांगून आलंय’ म्हटलं की स्थळाचा भाव वधारतो. ‘तिशी उलटली तरी जमलं नाही, म्हणजे काहीतरी असणार’ हा त्याच तर्काचा उलटा, आणि बराचसा क्रूर, वापर.

माणसांवरच्या प्रयोगांत स्त्री-पुरुषांचा फरक कधी दिसतो, कधी पुसट होतो. सारा हिल आणि डेव्हिड बस यांच्या 2008 च्या अभ्यासात स्त्रियांच्या गराड्यातला पुरुष स्त्रियांना अधिक हवासा वाटला; पुरुषांच्या गराड्यातली स्त्री मात्र पुरुषांना कमी हवीशी वाटली. त्यांना बहुधा तिथं शिफारशीऐवजी स्पर्धा दिसली असावी. पण बर्लिनमधल्या झटपट भेटींच्या कार्यक्रमाचं खरं चित्रीकरण लोकांना दाखवलं, तेव्हा जिथं दोघांचं जुळताना दिसलं तिथं बघणाऱ्या पुरुषांचाही रस वाढला. तो अभ्यास 2010 चा. मांडणी बदलली की उत्तर बदलतं, म्हणून ‘बायका अशा, पुरुष तसे’ असं एका प्रयोगावरून ठोकून देणाऱ्यांपासून जरा लांब राहावं.

मग प्रेमासाठी मेंदूत नकलेची काही वेगळी यंत्रणा आहे का? सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांना पुरुषांचे चेहरे, पुरुषांचे हात आणि अमूर्त चित्रं दाखवून गुण द्यायला सांगितले, मग इतर स्त्रियांनी दिलेले गुण दाखवले आणि पुन्हा विचारलं. चेहऱ्यांबाबतचं मत इतरांच्या बाजूला सरकलं, तसंच चित्रांबाबतचंही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रेमाच्या गूढाला फारसा सोयीचा नाही. एकट्या पुरुषानं लग्नाची खोटी अंगठी घालून फिरावं म्हणजे तो आकर्षक दिसेल, असा सल्ला देणाऱ्यांनाही नाही. चित्राजवळ जाऊन नीट बघता येतं तसं माणसाशी बोलताही येतं, आणि तिथं नारिंगी किती हे कळायला लागतं.