फ्लॅटच्या खिडकीत सूर्यफूल येतं का?

येतं, पण ऊन हवं. मीरा-भाईंदरमध्ये खरी अडचण तीच. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. समोरच टॉवर असेल तर सोसायटीला विचारून कुंडी गच्चीवर न्या. जून ते सप्टेंबरच्या पावसात कुंडीत पाणी साचून बी कुजतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये पेरणी बरी.

खाण्यासाठी मिळणारं सोललेलं, भाजलेलं बी उगवत नाही. टरफलासकट कच्चं बी घ्या आणि थेट मोठ्या कुंडीत इंचभर खोल लावा. याला सोटमूळ असतं. रोप उपटून हलवलं की मान टाकतं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. कबुतरांसाठी जाळी हवीच!

कोवळं रोप सूर्याबरोबर वळतं, उमललेलं फूल मात्र पूर्वेकडेच बघत राहतं. त्यामुळे खिडकी पूर्वेला असेल, तर घरातून फुलाची पाठच दिसेल.