प्रतींचें नातें आणि रेषांचे रंग

पाठचिकित्सा करणाऱ्यांस प्रतींची वंशावळ नवी नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतांतील आदिपर्वाच्या (१९३३) प्रस्तावनेंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं ती मांडली व संमिश्र प्रतींची अडचणहि दाखविली. जेथें एका प्रतीवर दोन घराण्यांचे संस्कार झाले, तेथें वृक्ष पुरत नाहीं. जाळेंच काढावें लागतें. तें आज पायथन भाषेंतील नेटवर्कएक्स या साधनसंचानें काढतां येतें. प्रत म्हणजे बिंदू, दोन प्रतींचा संबंध म्हणजे रेषा, व रेषेचा रंग समान अपपाठांच्या संख्येवरून. या रंगाच्या कामांतच घोटाळा होतो.

उदाहरणादाखल कल्पना करूं कीं, मालेगांव (जि. वाशीम), मेडशी, अंतरिक्ष पार्श्वनाथाचें शिरपूर व खुद्द वाशीम येथें एकाच ग्रंथाची एकेक प्रत मिळाली. कोष्टकांतील नोंदी क्रमानें अशा: वाशीम–शिरपूर १२, मालेगांव–मेडशी ४, वाशीम–मालेगांव ९. रंगांसाठीं १२, ४, ९ हीच यादी दिली, तर काय होतें? संगणक रेषा कोष्टकाच्या क्रमानें मोजीत नाहीं. जो बिंदू प्रथम आला त्याच्या सर्व रेषा आधीं, मग पुढील बिंदूच्या उरलेल्या. म्हणजे वाशीमच्या दोन्ही रेषा प्रथम लागतात, आणि वाशीम–मालेगांव रेषेस ४ चा, मालेगांव–मेडशी रेषेस ९ चा रंग चढतो. आंकडे तीन, रेषाहि तीन. यंत्र तक्रार करीत नाहीं, चित्रहि सुबक दिसतें. मात्र मेडशीची प्रत मालेगांवच्या प्रतीची सख्खी बहीण ठरते, आणि पाठ निवडतांना तिच्या साक्षीस भलतेंच वजन येतें!

उपाय सोपा आहे. आंकडा त्या त्या रेषेचा गुणधर्म म्हणून जाळ्यांतच नोंदवावा, व रंगांची यादी जाळ्याच्या रेषा क्रमानें वाचून तयार करावी. कोष्टकाकडे पुन्हां वळूं नये.

याहून मोठा प्रश्न आंकड्याचाच आहे. खंडित पोथींत ४० स्थळें ताडून १२ अपपाठ जुळले आणि अखंड पोथींत २०० ताडून १२ जुळले, तर रंग एकच दिसेल. नातें एक नव्हे. म्हणून आम्ही शेंकडेवारी घेणें पसंत करतों. शुद्ध पाठांची जुळणी नात्याचा पुरावा होत नाहीं, ती मोजूंच नये. ज्या दोन प्रती ताडल्याच नाहींत त्यांच्यामध्यें रेषा नसावी. शून्य लिहिणें ही खोटी साक्ष होय.

रंगपट्टीचीं टोकें न सांगितल्यास यंत्र प्रत्येक चित्रांतील लघुतम व महत्तम आंकडाच टोक धरतें. मग दोन ग्रंथांचीं चित्रें शेजारीं ठेवून तुलना करतां येत नाहीं. शेंकडेवारीस ० व १०० हीं टोकें स्वतः द्यावींत. त्रैमासिक काळ्या शाईनेंच छापावयाचें असल्यास विरिडिस ही पट्टी घ्यावी; तिची उजळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमानें वाढते, त्यामुळें छपाईंतहि फिकें व गडद यांचा अनुक्रम राहतो. इंद्रधनुष्यी पट्ट्यांत तो राहत नाहीं.