टॅप झालेला फोन आणि सीलबंद लिफाफा

भारतात कोणाचा फोन टॅप करायचा हे न्यायाधीश ठरवत नाहीत, गृहसचिव ठरवतात. सर्वसाधारण समजूत नेमकी उलट असते. पोलिसांनी न्यायालयातून वॉरंट आणायचे आणि मगच लाइनवर कान लावायचा, असे चित्रपटांतून आणि मालिकांतून पाहिलेले असते. अमेरिकेत गुन्ह्यांच्या तपासासाठी 1968 च्या कायद्यापासून अशी पद्धत आहे. भारतात ती कधीच आली नाही. इथला अधिकार 1885 च्या भारतीय तार कायद्याच्या कलम 5(2) मधून आला. तारसेवा 2013 मध्ये बंद झाली, पण तिच्या नावाचे हे कलम पुढे अकरा वर्षे मोबाइलवरच्या बोलण्याला लागू होते. 2023 च्या दूरसंचार कायद्याचे कलम 20 जून 2024 मध्ये अमलात आले आणि त्यात जवळजवळ तीच शब्दरचना उतरली. डिसेंबर 2024 मध्ये नवे नियमही निघाले. आदेश देणारा हात मात्र बदलला नाही.

याचा अर्थ सरकारला कोणाचेही बोलणे केव्हाही ऐकता येते, असाही नाही. कायद्याने दोन पायऱ्या घातल्या आहेत. सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असणे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असणे, ही पहिली. ती ओलांडल्यावर दुसरी: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे यांपैकी एका कारणासाठी टॅपिंग आवश्यक आहे, असे लेखी नोंदवायचे. राजकीय विरोधकाच्या हालचाली समजाव्यात किंवा कर चुकवणारा सापडावा एवढ्यासाठी पहिली पायरी ओलांडता येत नाही. निदान कायद्याची भाषा तरी तसे सांगते.

ही भाषा न्यायालयात खऱ्या अर्थाने तपासली गेली ती 1996 मध्ये. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याचा सीबीआयचा अहवाल 1991 मध्ये चर्चेत आला होता. त्याच्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्या बाजूने राजिंदर सच्चर उभे राहिले. न्या. कुलदीप सिंग आणि न्या. एस. सगीर अहमद यांनी 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल दिला. घरात किंवा कार्यालयात फोनवर मोकळेपणाने बोलता येणे हा खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले. त्या निकालातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी उद्धृत होणारा मुद्दा वेगळा आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ही गुपचूप अस्तित्वात असणारी स्थिती नव्हे, कोणाही समंजस माणसाला ती दिसायला हवी, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे टॅपिंग गुप्त असू शकते, पण ज्या परिस्थितीमुळे ते करावे लागते ती गुप्त असून चालणार नाही.

याच निकालाने टॅपिंगला आळा बसला, असे अनेकदा सांगितले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनीच द्यावा, त्याची मुदत दोन महिने असावी, मुदतवाढ धरून एकूण काळ सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि प्रत्येक आदेश आढावा समितीपुढे जावा, अशा अटी न्यायालयाने घातल्या. मात्र याचिकेची एक मोठी मागणी मान्य झाली नाही: आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी. कायद्यातच तशी तरतूद नसताना न्यायालय ती घालू शकत नाही, असे उत्तर मिळाले. पुढे 2007 मध्ये या अटी तार नियमांतल्या 419अ या नियमात आल्या. तातडीच्या प्रसंगी यंत्रणेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, राज्यात पोलीस महानिरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, आधी टॅपिंग सुरू करावे आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी घ्यावी, अशी सोयही त्यात ठेवली.

“आढावा समिती लक्ष ठेवते”

समिती आहे, हे खरे. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली विधी सचिव आणि आणखी एक सचिव. तिच्यात न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा प्रतिनिधी नाही, संसदेचा किंवा विधिमंडळाचा सदस्यही नाही. सचिवाने दिलेला आदेश सचिवच तपासतात.

तपासायचे किती, हा पुढचा प्रश्न. केंद्रीय गृहमंत्रालय महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश काढते, असे माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून समोर आले होते. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या डेटा संरक्षण अहवालात हा हिशेब मांडला: एका बैठकीपुढे 15,000 ते 18,000 आदेश. समिती सलग आठ तास, पाणी प्यायलाही न उठता बसली, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात फाइलीवरचे नाव वाचून होईल. त्यामागचे कारण नव्हे. शिवाय हा आकडा फक्त केंद्राचा. राज्यांचे आदेश त्यात नाहीत.

नाव वाचून झाले तरी ते खरे असेलच असे नाही. महाराष्ट्रात राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांनी परवानगी घेऊन टॅप केल्याच्या आरोपावरून 2022 मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे नोंदवले गेले. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, त्यामुळे आरोप सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण कागदावरचे नाव आणि क्रमांकामागचा माणूस एकच आहे ना, याची बाहेरच्या कोणाकडून पडताळणी होत नाही, ही त्रुटी त्या प्रकरणाने दाखवली.

“ज्याच्यावर अन्याय झाला तो दाद मागू शकतो”

दाद मागायची तर आधी कळायला हवे. टॅपिंग संपल्यावर संबंधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. जर्मनीत पाळत संपल्यावर कळवण्याचे बंधन आहे. नियम कडक गोपनीयता सांगतात आणि दूरसंचार कंपनीही ग्राहकाला काही सांगू शकत नाही. माहिती अधिकाराची वाटही अरुंद आहे. आपला फोन टॅप होत होता का, असे एका वकिलाने विचारले, तेव्हा दूरसंचार नियामकाने ती माहिती कंपनीकडून घेऊन द्यावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने 2018 मध्ये दिला. डिसेंबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. फोनमध्ये खरखर आली किंवा बॅटरी लवकर उतरली म्हणजे टॅपिंग सुरू आहे, ही घरोघरची अटकळही निरुपयोगी आहे. कायदेशीर टॅपिंग कंपनीच्या यंत्रणेतून होते. हातातल्या फोनला त्याचा पत्ता लागत नाही.

त्यामुळे न्यायालयापर्यंत पोहोचणारी प्रकरणे बहुधा एकाच जातीची असतात: संभाषणाची प्रत आरोपपत्राला जोडली गेली म्हणून आरोपीला कळले. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बहुधा काही सापडलेच नाही, त्यांना कधी कळत नाही. निर्दोष माणूस या व्यवस्थेत सर्वांत अंधारात राहतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2019 चा निकाल अशाच एका आरोपपत्रातून आला. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या सीबीआयच्या प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन टॅप झाला होता. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. लाचेचे एक प्रकरण म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, हे त्यामागचे सूत्र. ते सर्वमान्य मात्र झालेले नाही. 2025 च्या जून अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने मोठा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत बसू शकतो असे म्हणून टॅपिंग वैध ठरवले. त्यानंतर आठवडाभरातच मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्याच एका जुन्या प्रकरणातला आदेश रद्द केला.

बेकायदा मिळवलेला पुरावा आपोआप बाद होतो, हाही असाच एक समज आहे. मुंबईच्या तत्कालीन कोरोनरविरुद्धच्या, आर. एम. मलकानी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1970 च्या दशकातच सांगितले की, पुरावा विषयाशी संबंधित व अस्सल असेल तर तो कसा मिळाला यावरून तो फेटाळला जात नाही. संसद हल्ला खटल्याच्या 2005 च्या निकालातही तीच भूमिका होती. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हापासून या जुन्या सूत्राला आव्हान मिळू लागले आहे. 2019 चा मुंबईचा निकाल त्याच बळावर उभा आहे.

टॅपिंग हा फक्त केंद्राचा प्रांत, असेही काहींना वाटते. गृहसचिवांचा अधिकार राज्यातही चालतो, हे वर आलेच. त्याखेरीज महाराष्ट्राच्या 1999 च्या मोक्का कायद्यात संघटित गुन्हेगारीसाठी टॅपिंगची स्वतंत्र तरतूद आहे. तार-दूरध्वनी हा विषय केंद्राचा आहे या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती पुन्हा वैध ठरवली.

“राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की न्यायालय थांबते”

कायदा असे सांगत नाही. पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या सुरक्षेविषयीचे ‘ब्लू बुक’ हे पुस्तक मागण्यावरून झालेल्या राज नारायण प्रकरणात, 1975 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कागद उघड करायचा की नाही याचा अंतिम निर्णय न्यायालयाचाच असल्याचे स्पष्ट केले. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणी 27 ऑक्टोबर 2021 रोजी सरन्यायाधीश रमणा यांच्या पीठाने तेच पुन्हा मांडले. ते स्पायवेअर वापरले की नाही हे सांगण्यास सरकारने सुरक्षेचे कारण देऊन नकार दिला होता आणि त्रोटक प्रतिज्ञापत्रावर भागवले होते. नुसते ‘सुरक्षा’ म्हणून सरकारला प्रत्येक वेळी सूट मिळणार नाही, असे सांगून न्यायालयाने निवृत्त न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या तीन तंत्रज्ञ सदस्यांत मुंबई आयआयटीचे एक प्राध्यापक होते.

पुढे काय झाले ते शिकण्यासारखे आहे. ऑगस्ट 2022 मध्ये अहवालातला थोडा भाग न्यायालयात वाचून दाखवला गेला: 29 फोन तपासले, पाचांत कसले तरी घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही. बाकीचा अहवाल लिफाफ्यात राहिला. एप्रिल 2025 मध्ये देशाच्या सुरक्षेशी निगडित भाग खुला करणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तत्त्व नागरिकाच्या बाजूने लागले, कागद सरकारच्या बाजूने राहिला. एप्रिल 2023 च्या मीडिया वन वाहिनीच्या निकालात सीलबंद लिफाफ्याच्या पद्धतीवरच ताशेरे ओढले गेले होते, हे इथे आठवते.

व्हॉट्सॲपवरचे बोलणे कोणालाच कळत नाही, हा समज पेगॅससनेच मोडला. सांकेतिक कुलूप असते ते वाटेवर. फोनच फोडला तर ते कुचकामी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 तर संकेत उलगडून देण्याचाही आदेश देऊ शकते आणि त्याला सार्वजनिक आणीबाणीची पहिली पायरी लागत नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास पुरतो. त्यासाठी डिसेंबर 2018 मध्ये दहा यंत्रणा अधिसूचित झाल्या. कॉलच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, ही तिसरीच गोष्ट. त्यात कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोलले याची नोंद असते, बोलणे नसते. म्हणूनच ते मागवायला गृहसचिवांच्या आदेशाची गरज पडत नाही.

बेकायदा टॅपिंगला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण ती बसवायला पुरावा लागतो. जुने आणि नवे, दोन्ही नियम सांगतात की कामकाजासाठी गरज नसेल तर टॅपिंगचे आदेश आणि ध्वनिमुद्रण दर सहा महिन्यांनी नष्ट करावे. नागरिकाचे खासगी बोलणे सरकारी कपाटात कायम पडून राहू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच. मात्र आदेश बेकायदा होता की नाही हे ज्या कागदावरून कळले असते, तो कागदही त्याच नियमाने नष्ट होतो.