चिमणीची काजळी येते कुठून?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "रॉकेल तर पाण्यासारखं नितळ, मग काळं येतं कुठून?" प्रश्न मला फार आवडला. दहावीचा अभ्यास मी चिमणीवरच केला; सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा.

वातीवर रॉकेल तापून त्याची वाफ होते, आणि जळते ती वाफ. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही. तिथं वाफ उष्णतेनं फुटते आणि तिच्यातल्या कार्बनचे बारीक कण जमतात. हेच कण तापून पिवळे चमकतात. म्हणजे आपला उजेडसुद्धा काजळीचाच! ज्योतीच्या कडेला हवा मिळाली की कण जळून जातात. वात मोठी केली तर ज्योत उंच होते, कण जळायच्या आत थंड होतात आणि धूर सुटतो. पिवळ्या ज्योतीत चमचा धरून बघा, दांडा मात्र फडक्यानं धरा.

२०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा उघड्या दिव्यांचा धूर मोजला. जळालेल्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के काजळी होऊन बाहेर पडत होतं. किलोमागं ७० ते ९० ग्रॅम, आणि ती आपल्याच छातीत! काचेच्या कंदिलात ती बरीच कमी निघाली.

लाइट गेल्यावर चिमणी लावावीच लागली, तर वात खाली ओढा, खिडकी उघडी ठेवा. सौर कंदिलासाठी गटाकडे कर्ज मागितलेल्या ताईंचे अर्ज पुढच्या बैठकीत घेऊ.