शिक्क्यात मावेल तो लोगो

सकाळी ६.३०

स्वारगेटला गाडी मिळाली. पिशवीत लॅपटॉप आहे, पण दुपारपर्यंत तो उघडायची वेळ यायची नाही. सकाळच्या कामाला एक शाळकरी वही आणि शिंप्याकडे असते तशी टेप पुरते. "कापड घ्यायला निघालीस का गं?" शेजारच्या आजींनी विचारलं. म्हटलं, नाही आजी, लोगो करायला.

काम तसं छोटं. खंबाटकी घाटापलीकडच्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय, शासनाच्या वर्गवारीत 'ब'. पगारी माणसं दोन, बाकी कार्यकारी मंडळ हौसेवर चाललेलं. लोगो आणि वेबसाइट मिळून बजेट चाळीस हजार. गावाचं नाव लिहीत नाही. अशी वाचनालयं तालुक्यातालुक्यांत आहेत आणि गोष्ट थोड्याफार फरकानं सगळीकडे तीच.

सकाळी ९.१५

सभा साडेअकराला आहे. मी मुद्दाम आधी पोचते. देवघेवीच्या टेबलाशेजारी खुर्ची मागून घेतली आणि येणारा माणूस ग्रंथपालताईंना काय विचारतो, ते वहीत उतरवत बसले.

तासाभरात सतरा प्रश्न झाले. सहा जणांना अभ्यासिकेत जागा हवी होती. चौघांनी दिवाळी अंक योजनेचे पैसे विचारले. तिघांनी फोन करून "आज चालू आहे ना?" एवढंच विचारलं. दोघांना वर्गणी किती ते हवं होतं, एकाला आजोबांची पुस्तकं द्यायची होती आणि एकीला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. संस्थेचा इतिहास कोणी विचारला नाही. अध्यक्षांचं मनोगत तर नाहीच नाही.

वेबसाइटचं पहिलं पान माझ्या वहीत तयार झालं होतं.

सकाळी १०.३०

आता टेप. दारावरची पाटी सात फूट. पावतीपुस्तकावरचं नाव अडीच इंच. सभासद कार्डावर त्याहून लहान. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचा डीपी गोल, बोटाच्या पेराएवढा. आणि पुस्तकावरचा शिक्का सव्वा इंच.

शिक्का म्हटल्यावर ताईंनी कपाटातून एक जुनी कादंबरी काढली. शीर्षकपानाखेरीज आतल्या एका ठरलेल्या पानावर वाचनालयाचा शिक्का बसतो. सुरुवातीची पानं फाडून कोणी पुस्तक लाटलं, तरी त्या पानावरून ते ओळखता येतं. इथलं ठरलेलं पान कोणतं ते मला कळलं, पण इथं सांगणं बरं नव्हे.

त्या पानावर जांभळ्या शाईतला लंबगोल शिक्का होता. नव्या पुस्तकांवरचा शिक्का शेजारी ठेवून पाहिला. नव्यात 'सार्वजनिक'मधला रफार आणि पुढची वेलांटी एकमेकांत गुंतून शाईचा ठिपका झालेला, 'व'चं पोट बुजलेलं. जुन्यात मात्र शिक्का कोरणाऱ्यानं रफार जरा उचलून घेतला होता, 'व'चं पोट मोकळं सोडलं होतं. 'वाचनालय'मधला 'ल' मराठी वळणाचा, पाकळीचा. शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून जो 'ल' मराठीसाठी प्रमाण ठरवला, तो या अनाम कारागिरानं कितीतरी आधी, कोणी न सांगता कोरून ठेवला होता.

मोबाइलवर दोन्ही शिक्क्यांचे फोटो घेतले. लोगो शोधायला आणखी कुठे जायची गरज उरली नव्हती.

सकाळी ११.३०

सभा. अध्यक्ष म्हणजे सर, निवृत्त मुख्याध्यापक. सचिव वकील. खजिनदारकाकांचं बाजारपेठेत किराणा दुकान. पहिला प्रश्न त्यांचाच.

"मॅडम, राग मानू नका. चौकातला फ्लेक्सवाला पोरगा पाचशेत लोगो करून देतो. तुम्ही वेगळं काय देणार?"

प्रश्न रास्त होता. मी वहीतली मापं वाचून दाखवली. मग प्रत्येकानं आपापली मागणी सांगितली: सरस्वती, उघडं पुस्तक, समई, उगवता सूर्य, मोरपीस. मी कागदाचे सव्वा इंची लंबगोल कापून सगळ्यांपुढे ठेवले आणि म्हटलं, यात काढून दाखवा. सरांनी मनापासून सरस्वती काढली. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "सर, ही वीणा आहे की लाटणं?" सगळ्यांत मोठ्यांदा सर हसले. "राहू दे. देवी भिंतीवरच शोभते."

वेबसाइटचा विषय निघाला तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "नवी कशाला? चार वर्षांपूर्वी केलेली आहे की. तीच दुरुस्त करा." पावतीवर छापलेला पत्ता मी मोबाइलवर उघडला आणि फोन टेबलावर सरकवला. पडद्यावर परदेशी जुगाराची जाहिरात होती. ताईंनी फोन चटकन उलटा ठेवला.

झालं होतं ते नेहमीचंच. वेबसाइट करून देणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. दोन वर्षांनी त्यानं धंदा बदलला, नंबरही बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. मुदत संपल्यावर थोडे दिवस सवलतीचे असतात. त्यानंतर बहुतेक डोमेन जादा पैसे भरून सोडवायला ३० दिवस मिळतात. तेही गेले की नाव बाजारात येतं आणि कोणीही ते उचलतं. देणगीदारांच्या हातातल्या पावत्यांवर मात्र पत्ता तसाच राहतो.

"म्हणजे घर आपलं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर," काका म्हणाले. एवढ्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

दुपारी १.३०

खानावळीत भाकरी आणि भरली वांगी. जेवताना सरांनी चोवीस हजार पुस्तकांची सूची वेबसाइटवर हवी असा आग्रह धरला. मागणी योग्य आहे. त्यासाठी 'कोहा'सारखी ग्रंथालयाची प्रणाली फुकट मिळते, पण चोवीस हजार नोंदी टंकायला माणूस फुकट मिळत नाही. वहीत 'नंतर' नावाचं एक पान असतं, त्यावर ही मागणी पहिली लिहिली.

दुपारी २.१५

लॅपटॉप एकदाचा उघडला. ताईंनी पेन ड्राइव्हवर माहिती दिली: नियमावली, वर्गणीचे दर, अहवाल. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच तो मराठी दिसतो, वेबसाइटवर नाही.

परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणला आणि ताईंना मोठ्यानं वाचायला बसवलं. परिवर्तकावर विश्वास ठेवून चालत नाही. अभ्यासिका 'दुसऱ्या मजल्यावर' होती, ती 'दुसर्या मजल्यावर' गेली होती. ताईंनी अशा तेवीस चुका पकडल्या. पहिल्या पानावर काय असावं, तेही त्यांनीच सांगितलं: आजची वेळ, मोठ्या अक्षरांत. सुट्टी असेल तर तसं.

दुपारी ४.००

वाचनालयाची पावतीपुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये गेले. लोगो पक्का करण्याआधी छापणाऱ्याला भेटलं की पुढचे दहा फोन वाचतात. पावत्या एकरंगी ऑफसेटवर, म्हणजे लोगो एका रंगात उभा राहिलाच पाहिजे. "आणि मॅडम, फाइल कर्व्ह करून द्या," ते म्हणाले. कर्व्ह म्हणजे अक्षरांच्या रेषाकृती करणं. तसं केलं नाही तर त्यांच्या कोरल ड्रॉमध्ये माझा फॉन्ट नसल्यानं अक्षरं भलतीच उमटतात. त्यांनी हवा तो जांभळा वेगळी शाई घालून छापून दाखवला. पडद्यावरचा झळझळीत जांभळा चार शाईंच्या छपाईत मंदावतो, हे मंडळाला आधीच दाखवलेलं बरं.

संध्याकाळी ५.३०

परतीची गाडी. खिडकीशी जागा मिळाली, वहीत पेन्सिल चालू झाली. अशा वेळी कमल शेडगे हटकून आठवतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी नुसत्या नावाच्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव दाखवला. वेगळं चित्र लागलं नाही. इथंही अक्षरंच पुरतील. जुना लंबगोल, मोकळा 'व', पाकळीचा 'ल', उचललेला रफार. डीपीसाठी नुसता 'वा', कारण तेवढ्या जागेत अख्खं नाव वाचता येत नाही. घाट चढताना रेषा थरथरत होत्या, त्यातलीच एक बरी निघाली.

रात्री ८.३०

घरी. दोन पानांचा आराखडा लिहायला घेतला. पहिला आठवडा: एकरंगी लोगोचे तीन नमुने, प्रत्येकाचा खराखुरा रबरी शिक्का मारून. दुसरा: मजकूर आणि फोटो. तिसरा: वर्डप्रेसवर पाच पानांची बांधणी. चौथा: ताईंची शिकवणी, दिवाळी अंकांची यादी आणि सुट्ट्या त्यांना मोबाइलवरून स्वतः टाकता येईपर्यंत.

मजकुरासाठी 'एक टाइप'चा 'मुक्ता' फॉन्ट घ्यायचा. तो मोफत आहे आणि सात जाडींत मिळतो. पान मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवायचं. फॉन्टात मराठी वळणाची अक्षरं असतील तर ब्राउझर तीच उचलतो. निम्मे वाचक साठीपुढचे, म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा रंगभेद किमान ४.५ : १, फिकट राखाडी अक्षरं बंद.

पैसे: लोगो बारा हजार, बांधणी सतरा हजार, डोमेन आणि होस्टिंग तीन वर्षांचं मिळून नऊ हजार, फोटो आणि शिकवणी दोन हजार. तीन वर्षांचे पैसे आत्ताच बाजूला काढायचे, हे काकांना पटवावं लागणार नाही. आज त्यांनीच पटवून दिलंय.

रात्री १०.१५

शेवटी वकीलसाहेबांना ठरावाचा मसुदा पाठवला. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावानं, संस्थेच्या ईमेलवर घेतलं जाईल. पासवर्ड बंद पाकिटात खजिनदारांकडे राहील. नूतनीकरणाची तारीख दरवर्षी पहिल्या सभेच्या इतिवृत्तात लिहिली जाईल. लोगोच्या मूळ फाइली संस्थेच्या मालकीच्या असतील. माझ्या ताब्यात काहीच उरणार नाही, असं पाहूनच तो लिहिला आहे.

तुम्ही एखाद्या मंडळावर, ट्रस्टवर, वाचनालयावर असाल तर लोगोचा रंग पुढच्या सभेत ठरवा. आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढं मात्र आजच बघून घ्या.