गोठ्यात न शिरता गुरं वाचवणारे डॉक्टर

मुलांनो, गायीचे ढेकर मोजायचं काम कोण करतं, सांगा पाहू!

हसू नका, हे काम खरंच चालतं. बंगळुरूच्या आडुगोडी भागात जनावरांचा आहार आणि त्यांच्या शरीराचं कामकाज यांचा अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवत बसलेले असतात. त्यांच्या या उद्योगात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि तो बहुतेक सगळा ढेकरांवाटे, म्हणजे तोंडातूनच बाहेर पडतो. हाच मिथेन हवेत जाऊन पृथ्वीचं तापमान वाढवतो. शिवाय चाऱ्यातली काही ऊर्जा फुकट जाते, ती वेगळीच.

मग ढेकर मोजायचे कसे? गायीच्या पोटात एक छोटीशी नळी सोडतात. तिच्यातून ठरावीक वेगाने एक ओळखीचा वायू झिरपत राहतो. गायीच्या अंगावर आतली हवा काढून घेतलेलं एक भांडं बांधलेलं असतं आणि त्याची बारीक नळी तिच्या नाकापाशी आणलेली असते. गाय खुशाल चरते, रवंथ करते आणि भांड्यात तिच्या श्वासाचा नमुना जमत जातो. ओळखीचा वायू किती आणि मिथेन किती, हे ताडून पाहिलं की हिशोब लागतो. अशाच अभ्यासातून या संस्थेने ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलं. त्यामुळे मिथेन सुमारे १७ ते २० टक्के कमी होतो.

अशी कामं करणाऱ्यांमध्ये शिकून पशुवैद्य झालेली मंडळीही असतात. पशुवैद्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो बैलाला सुई टोचणारा किंवा कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधणारा डॉक्टर. ते काम मोठं आहेच. पण पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर इतरही कितीतरी वाटा फुटतात आणि त्यातल्या बऱ्याच एकट्या बंगळुरूत बघायला मिळतात.

आडुगोडीहून आता शहराच्या उत्तरेला येलहंका भागात जाऊ. इथे ‘निवेदी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था आहे. इथल्या पशुवैद्यांचा पेशंट म्हणजे भारताचा अख्खा नकाशा! पाऊस किती पडेल याचा अंदाज हवामान खातं देतं ना? तसा ही संस्था रोगांचा अंदाज देते. कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग डोकं वर काढू शकतो, हे ती दोन महिने आधी सांगते.

हे कसं जमतं? रोगांनाही सवयी असतात. घटसर्प पावसाळ्यात जोर धरतो. काळपुळीचे जंतू कवच पांघरून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पाऊसपाण्याने माती हलली की ते वर येतात आणि चरणाऱ्या जनावराच्या तोंडात जातात. मेंढ्यांना होणारा नीलजिव्हा रोग डासांहूनही बारीक माश्या पसरवतात आणि त्या माश्यांना ओल लागते. म्हणून पाऊस, तापमान, मातीतली ओल, उपग्रहाला दिसणारी हिरवळ, जनावरांची संख्या आणि आधीच्या साथींच्या नोंदी असं सगळं संगणकात घालून गणित मांडतात. अंदाज हाती आला की त्या भागात लस वेळेवर पोचवता येते. म्हणजे इथे प्राण्यांवर माया हवी आणि गणितही पक्कं हवं.

आता एक प्रयोग जवळून बघू. ब्रुसेलोसिस नावाच्या रोगाने गाई-म्हशी गाभडतात आणि कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो. तो कळपात शिरलाय का, हे दूधच सांगतं. परीक्षानळीत दूध घ्यायचं. त्यात रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचे थेंब टाकायचे आणि नळी तासभर उबेला ठेवायची. दुधात रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं असली, तर ती त्या रंगीत जंतूंना धरतात आणि सायीबरोबर वर तरंगतात. खाली दूध पांढरंशुभ्र आणि वर सायीत निळं कडं! रोग नसेल तर कडं उमटत नाही, सगळं दूध निळसरच राहतं. कडं दिसलं की मग रक्त तपासून खात्री करतात.

एका रोगाला तर पशुवैद्यांनी जगातूनच हद्दपार केलं. त्याचं नाव बुळकांडी. ताप, तोंडात व्रण आणि पाण्यासारखी हगवण होऊन गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. शेतकऱ्याचे बैल गेले की नांगर थांबायचा आणि घरात उपासमार यायची. जनावरांच्या रोगांवर संशोधन करायला १८८९ मध्ये आपल्या पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि आज तिची एक शाखा बंगळुरूच्या हेब्बाळ भागात आहे. याच हेब्बाळला १९२५ मध्ये म्हैसूर संस्थानाने बुळकांडीवरचं औषधी रक्तद्रव बनवणारी संस्था उभारली. तीही अजून चालू आहे आणि आता लसी बनवते.

लसीकरणाने बुळकांडी हटली खरी, पण ती पूर्ण गेली हे सिद्ध कसं करायचं? लस दिलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिद्रव्यं सापडणारच. ती लसीमुळे आली की रोगामुळे, हे कळणार कसं? म्हणून आधी लस देणंच थांबवावं लागलं! मग नव्याने जन्मलेल्या वासरांचं रक्त गावोगावी तपासत राहायचं. कुठेच प्रतिद्रव्यं नाहीत म्हणजे रोग नाही. केवढं धाडस लागलं असेल! येलहंक्याची संस्था आज जे काम करते, त्याची सुरुवात करणारी बंगळुरूची मंडळीही या तपासणीत होती. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारं जग. माणसाने पुरता संपवलेला हा दुसराच रोग. पहिला होता देवी.

तुम्हाला यात यायचं असेल तर बारावीला जीवशास्त्र घ्या आणि ‘नीट’ परीक्षा द्या. मग साडेपाच वर्षांची पदवी, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला ही महाविद्यालयं आहेत. पुढे लस बनवा, नवी औषधं तपासा, दूध-मांसाची शुद्धता राखा, जंगलातल्या बिबट्यांची काळजी घ्या किंवा रोगांचे नकाशे काढा. रक्त बघून ज्यांना घेरी येते, त्यांच्यासाठीसुद्धा इथे जागा आहे. जनावराचं दुखणं आपलं वाटलं पाहिजे, एवढीच अट.

आणि कामाला आजपासूनच लागता येईल. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो ना? त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर लसीकरणाची नोंद होते. गावात लसीकरण आलं की डॉक्टरकाकांना किंवा डॉक्टरताईंना विचारा: ही लस कोणत्या रोगाची? आत्ताच का देता? रक्ताचा नमुना घेतलात तर तो कुठे जातो? उत्तरं वहीत लिहून ठेवा. रोगांचा अंदाज बांधणाऱ्यांचंही काम अशाच नोंदींवर चालतं.