पाण्यातील संप्रेरके आणि क्रियाशील कोळसा

माणसांच्या व जनावरांच्या शरीरातील संप्रेरके म्हणजेच हार्मोन्स मलमूत्रावाटे बाहेर पडतात. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील मोरीचे पाणी असो वा खेड्यातील गोठ्याचे, वाट चुकली की ते नाल्या-ओढ्यांतून पंचगंगेला मिळते. गाभण गायी-म्हशींच्या शेण-मूत्रात इस्ट्रोजेन हे संप्रेरक विशेष असते. सांडपाणी शुद्धीकरणात ते बरेच घटते, पण पूर्ण जात नाही.

धोका किती?

कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेन लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील असे सोडले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्यानेही नर माशांत मादीची लक्षणे दिसली आणि लहान माशांची एक जात तलावातून जवळजवळ नाहीशी झाली.

कोळसा काय करतो?

पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून संप्रेरके जात नाहीत. क्रियाशील कोळसा मात्र ती धरून ठेवतो. नारळाच्या करवंट्या किंवा उसाची चिपाडे जाळून केलेला कोळसा वाफेत सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. एका ग्रॅमचा आतील पृष्ठभाग ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतो. इस्ट्रोजेन पाण्यात फार कमी विरघळते, म्हणून ते या पृष्ठभागाला चिकटते. यालाच अधिशोषण म्हणतात. चुलीतील कोळशाला ही ताकद नसते.

घ्यावयाची काळजी

१. गढूळ पाणी आधी वाळूतून गाळावे. नाहीतर छिद्रे गाळाने व कुजक्या पदार्थांनी भरतात.

२. कोळसा ठरलेल्या मुदतीत बदलावा. तो निकामी झाल्याचे पाण्याच्या रंग-चवीवरून कळत नाही.

३. कोळशाने रोगजंतू मरत नाहीत. पिण्याचे पाणी निर्जंतुक करावेच.

४. गोठ्याचे पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नये.

५. शेणखत हवेशीर ठेवून पूर्ण कुजवावे. त्यात संप्रेरकांचे बरेच विघटन होते. गोबरगॅस संयंत्रात हवा नसल्याने ते कमी होते. म्हणून तेथील मळी पालापाचोळ्यात मिसळून कुजवावी व मगच शेतात टाकावी.

पाण्यात उतरलेले संप्रेरक पकडणे खर्चाचे आहे. ते उकिरड्यातच जिरवणे प्रत्येकाच्या हाती आहे.